उकंड्याची अर्धवाहक

राजेहो, गाडी चालवणाऱ्याले समोरचा रस्ता दिसतो, मागं काय चाललं ते दिसत नाही. मागचं सारं मले घंटी सांगते. एक टोला पडला की थांब. दोन पडले की चाल, त्याले आम्ही डबल बेल म्हणतो. एवढ्याशा भाषेत मी अन् उकंडा मनवर, आम्ही दोघांनी अर्धी जिंदगी काढली. मी लालसिंग राठोड, एस.टी.च्या दिग्रस आगारात चालक. उकंड्या वाहक. ड्यूट्या बदलतात, माणसं बदलतात, पण ड्यूटी लावणाऱ्या बाबूले मालूम होतं की लालसिंगच्या तोंडापुढं उकंड्याशिवाय कोणी टिकत नाही. मले राग लवकर येतो. आमच्या तांड्यात मायले याडी म्हणतात. माही याडी म्हणे, या पोट्ट्याले झोपेतून उठवाल तर लांबूनच उठवा.

उकंड्या माह्या उलटा. त्याचा आवाज कधी चढत नाही, पण थांबा नसला तर गाडी थांबणार नाही म्हणजे नाही. कोणी हात दाखवला की घंटी मारणारे वाहक बहुत आहेत. उकंड्या थांब्याच्या पाटीपाशीच घंटी मारणार, मंग गावचा सरपंच असो नाहीतर आमच्या साहेबाचा साळा. म्हणे, "एकाले मधातच घेतलं, तर जो पाटीखाली उन्हात उभा आहे त्यानं काय पाप केलं?" बोला आता.

एकदा तर हद्द झाली. त्याची बायको, सत्यशीला वहिनी, माहेरून येत होती. डोक्यावर तुरीच्या शेंगांचं गाठोडं, कडेवर लहानगी साधना. थांबा जरा मागं राहिलता अन् ती सावलीसाठी पुढच्या लिंबाखाली येऊन उभी राहिलती. मी लांबूनच ओळखलं. पाय ब्रेकवर ठेवला अन् घंटीची वाट पाहिली. घंटी काही आली नाही. आम्ही वहिनीच्या समोरून भुर्रकन निघून गेलो, अन् ती साधना बापाले पाहून हात हलवून टाटा करून राह्यली होती! मी आरशात पाहून ओरडलो, "अबे, बायको होती ना बे तुही!" तो तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "बायको होती. थांबा नव्हता." त्या दिवशी त्याले घरी काय जेवाले भेटलं ते त्यानं सांगतलं नाही, मीही विचारलं नाही.

ही साधना मंग आमच्याच गाडीत मोठी झाली. सुट्टीत बापाच्या मागं मागं यायची अन् माह्या केबिनच्या मागच्या सीटवर बसायची. जुन्या गाड्यायचं इंजिन आमच्या डाव्या हाताशी असायचं, वरून लोखंडी झाकण. मी सांगतलं होतं, तिथं हात लावू नको. तिनं लावला. चटका बसला, डोळ्यात पाणी आलं, अन् ही पोट्टी मलेच विचारते, "काका, इथं गरम आहे अन् तिथं नाही, असं काहून?" मी म्हणलं, "इंजिन आहे म्हणून." ती म्हणे, "पण सारखं काहून नाही गरम?" मले काय माहीत माय! मी म्हणलं, "तुह्या बापाले विचार." बाप म्हणे, "मास्तराले विचार." अन् खरंच ती विचारत विचारत पुढं गेली. दिग्रसले बी.एस्सी. केलं, यवतमाळले एम.एस्सी. केलं, अन् मंग एक परीक्षा पास होऊन तिले पीएच.डी. कराले फेलोशिप भेटली. दर महिन्याले पैसे, पाच वर्षं, अन् यवतमाळच्याच कॉलेजात चारुदत्त सरांच्या हाताखाली काम.

त्या दिवशी स्टँडच्या कँटिनमध्ये आम्ही तिघं चहा पित बसलो होतो. मी विचारलं, "काय शिकणार तू नेमकं? मले समजंन असं सांग, नाहीतर सांगू नको."

तिनं माह्या मोबाइलवर बोट ठेवलं. म्हणे, "काका, हा गरम होतो ना?"

"होतो. कानाले चटका बसते."

"याच्या आत चिप असते. त्यात इतक्या बारीक तारा असतात की केसाच्या जाडीत हजारभर मावतील. त्यातून वीज गेली की त्या तापतात. किती तापतात, कुठं तापतात, वीज अडते कुठं, हे आधीच समजलं पाहिजे. नाहीतर चिप जळून जाईन. हात घालून तर पाहता येत नाही. मंग मी कॉम्प्युटरवर तशी तार मांडते. गणितानं."

"म्हणजे खोटी तार?"

"खोटी नाही काका. हिशोबातली तार. तिले मॉडेल म्हणतात."

"कायची असते ती?"

"अर्धवाहकाची."

मी अन् उकंड्यानं एकमेकाकडं पाहिलं. वाहक म्हणजे आमच्या गाडीत तिकिटं फाडते तो. अर्धवाहक हे काय नवीन काढलं? साधना हसाले लागली. म्हणे, "काका, तांब्यातून वीज सुसाट जाते, तो वाहक. काचेतून जातच नाही. अर्धवाहक मधातला. आपण जशी सोय करू तेवढीच जाऊ देतो, नाहीतर नाही."

"हा तर तुहा बापच झाला!" मी म्हणलं. "थांबा असला तर चढू देतो, नाहीतर बायकोलेही घेत नाही!"

उकंड्या पण हसला. कँटिनवाल्याले त्यानं त्या दिवशी तिघांसाठी भजे सांगतले, अन् उकंड्या भजे सांगते म्हणजे किती खुशीत असंन ते आगारातल्या कोणालेही विचारा.

आता आगारातला पोट्टा पास झाला, पोरगी नोकरीले लागली की स्टँडवर फ्लेक्स लागतो. आमच्याकडची रीतच आहे. फोटो, हार्दिक अभिनंदन, खाली शुभेच्छुकांची रांग. उकंड्यानं स्वतः कागदावर सुवाच्य लिहून दिलं, "कु. साधना उकंडा मनवर हिची अर्धवाहक संशोधनासाठी निवड." फ्लेक्स छापणारा बाबुलाल. त्यानं तो मजकूर वाचला, साधनाले तो ओळखत होता, बापाले ओळखत होता, अन् त्याले वाटलं की उकंड्याच्या हातून आनंदात काहीतरी भलतंच लिहिल्या गेलं. त्यानं आपल्या अकलेनं दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर भलामोठा फ्लेक्स लागला, अन् त्यावर ठळक अक्षरात, "कु. साधना उकंडा मनवर हिची वाहकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!"

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी लावली अन् तसाच दुकानात घुसलो. "बाबुलाल, लोक ध चा मा करतात. तू तर 'अर्ध'च गिळून बसला बे!"

तो बिचारा घाबरला. म्हणे, "लालसिंगभाऊ, अर्धवाहक कुठं असते का? मले वाटलं अर्ध्या दिवसाची ड्यूटी असंन. अन् अर्ध लिहिलं तर पोरीचा अपमान नाही का होणार?"

आता याले काय म्हणता! मी त्याले माराले गेलतो अन् हसत हसत बाहेर आलो. इकडं स्टँडवर साधनाभोवती गर्दी. "अभिनंदन बाई, बापाचं नाव काढलं!" "कोणती गाडी भेटली?" नेरवरून आलेला एक वाहक तिले भोळेपणानं विचारे, बॅज भेटला का म्हणून. ती पोट पकडून हसून राह्यली होती. उकंड्या फ्लेक्स उतरवाले निघाला तर म्हणे, "बाबा, राहू द्या. बाबुलालकाकानं मोठ्या मनानं मले पूर्ण करून टाकलं." फ्लेक्स तसाच राहिला अन् सारा आगार तिले 'वाहक मॅडम' म्हणाले लागला.

मंग तीन-चार वर्षं चांगली गेली. साधना यवतमाळले होस्टेलात राहे अन् पंधरा दिवसांनी आमच्या गाडीनं घरी येई. तिचं मॉडेल मोठं होत होतं. तिच्या बोलण्यातून मले एवढं समजलं होतं की अर्धवाहकाची ती बारीक तार दोन्ही टोकांनी धातूच्या पट्ट्यांले जोडलेली असते. वीज जाते ती घासत जाते, म्हणून तार तापते. पण टोकाच्या पट्ट्या उष्णता ओढून घेतात. म्हणून तार मधात जास्त तापाले पाहिजे अन् दोन्ही टोकांशी थंड. तिचं गणितही तेच सांगे. मले पटलं होतं. भाकर मधातून लवकर करपते तसं.

पण पुण्याच्या एका प्रयोगशाळेत केतकी मॅडम म्हणून होत्या. त्यांच्यापाशी तसली खरी तार होती अन् इतक्या बारीक तारेचा ताप मोजणारी मशीनही होती. त्यांनी मोजून पाठवलं, तर गरम मधात नाहीच! तार एका टोकाशी जास्त तापली होती.

इथं साधनाचं घोडं अडलं. चारुदत्त सर भला माणूस. ते म्हणाले, "मोजण्यात चूक असेल किंवा मॉडेलमध्ये. दोन्हीकडे शोधा." केतकी मॅडमनं परत मोजलं. तेच आलं. साधनानं गणित परत मांडलं, आकडे बदलून पाहिले, सारं खोलून पाहिलं. महिने गेले. फेलोशिपची मुदत सरत आली होती, अन् तिचा सारा प्रबंध त्या एका मॉडेलवर उभा होता. मॉडेल खऱ्या तारेशी जुळलं नाही तर पाच वर्षं पाण्यात. आमच्या गाडीत बसे तेव्हा खिडकीकडं तोंड करून बसे. मी चिडवलं, "काय वाहक मॅडम, तिकीट काढलं का?" तर नुसती मान हलवे. मले रागावणारी पोरगी चालते, गप्प पोरगी पाहवत नाही.

त्यातच एस.टी.ची भरती निघाली अन् साधनानं कोणाले न विचारता वाहकाचा अर्ज भरला. परीक्षा तिच्यासाठी काय मोठी! निवड झाली. यवतमाळले विभागाच्या ऑफिसात सोमवारी हजर व्हायचं होतं. फ्लेक्स खरा झाला! आगारात पेढे वाटले, बाबुलाल छाती फुगवून फिरे, की पहा, मी आधीच छापलं होतं म्हणून.

उकंड्यानं पेढा हातात घेतला अन् तसाच ठेवून दिला.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वहिनी चुलीपाशी, साधना उंबऱ्यावर, अन् उकंड्या खाटेवर. मीच तोंड उघडलं, "अबे, वाहक होणं काय वाईट आहे का? तू काय केलं जिंदगीभर?"

"वाईट कोण म्हणते?" उकंड्या म्हणाला. "मले या कामाची लाज कधी वाटली का? पोरींनी करावी ना ड्यूटी, माह्याहून चांगली करतात. पण मनातून आली असती तर मीच हार घातला असता. ही मधातच उतरून राह्यली, लालसिंग. हिचा थांबा अजून आला नाही."

साधना रडाले लागली. म्हणे, "बाबा, एक टोक गरम काहून होते ते मले सांगता येत नाही. अन् ते सांगता येत नाही तर मी डॉक्टर कायची? फेलोशिप सरली की किती दिवस तुमच्या पगारावर बसू? तुमचंही रिटायर व्हायचं आलं."

वहिनी चुलीकडूनच म्हणाली, "मले हिनं लिंबाखाली उभं ठेवलं नाही, तुमी ठेवलतं. हिच्यावर कायले चिडता? हिले हिच्या मनानं ठरवू द्या." वहिनी त्या लिंबाचा दाखला कोणत्याही भांडणात देते.

सोमवारच्या आदल्या आठवड्यात दिग्रसच्या बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी आमची साधी गाडी खेड्यापाड्यातून माणसं भरून आणते. साधना आत्याकडून परत येत होती, ती मधातच चढली. गाडीत पाय ठेवाले जागा नाही. भाजीच्या टोपल्या, हरभऱ्याची पोती, कोंबड्या, सारं. दिग्रसले गाडी लागली अन् धडाधड उतरणं सुरू झालं. दारापाशी टोपल्यायचा हा ढीग! एकाचं पोतं दुसऱ्याच्या पायावर, एक कोंबडी सुटली, बाया ओरडून राह्यल्या, उकंड्या मधात उभा राहून म्हणून राह्यला, "आपापलं उचला, वाट मोकळी करा." साधना उतरली अन् बाकड्यावर बसून ते पाहत राहिली. मी म्हणलं, घरी जा. ती गेली नाही.

संध्याकाळी तीच गाडी उलटी निघाली. ही परत येऊन बसली! मी म्हणलं, "आता कुठं?" म्हणे, "कुठंच नाही काका, जाऊन येते." पहिल्या मोठ्या गावाशी गाडी थांबली. बाजार करून आलेली माणसं उतरली. तेलाचे डबे, ढेपेची पोती, नवी फावडी, कोणाची शिलाई मशीन. थांब्याशी हा ढीग! अन् मी एवढं ऐकलं की साधना मागून ओरडली, "काका! दिशा!"

मी दचकलो. म्हणलं, "काय झालं बे? कोणती दिशा?"

ती केबिनच्या जाळीशी येऊन उभी राहिली. डोळे चमकून राह्यले होते. म्हणे, "सकाळी ढीग दिग्रसले लागला. आता इकडं लागला. गाडी तीच, रस्ता तोच, माणसंही तीच. ढीग जिथं उतरतात तिथं लागतो."

"मंग? हे तर कोंबडीलेही माहीत आहे."

"मलेही माहीत होतं काका! पुस्तकात आहे. वीज नुसती घासत जात नाही, ती आपल्यासंगं उष्णता घेऊन चालते, अन् एका वस्तूतून दुसरीत उतरताना ते ओझं जोडापाशी टाकते. पेल्टिए परिणाम म्हणतात. मी ते मॉडेलमधून सोडून दिलतं. म्हणलं, इतक्या बारक्या तारेत जोडाचा काय हिशोब? मी रस्त्याचाच हिशोब करत बसली, थांब्याचा केलाच नाही!" अन् मंग बापाकडं वळून म्हणे, "बाबा, थांब्याचा! तुमची पोरगी असून!"

उकंड्याले कितपत समजलं देव जाणे. पण त्यानं विचारलं ते बरोबर विचारलं. "हे खरं आहे हे कसं समजंन?"

"सोपं आहे. वीज उलटी सोडायची. मी म्हणते ते खरं असंन तर गरम टोक पलटाले पाहिजे. नाही पलटलं, तर मी चुकली."

तिनं त्याच दिवशी केतकी मॅडमले कळवलं. मॅडम म्हणाल्या, मशीनवर दुसऱ्यायचा नंबर आहे, मधात जागा भेटली की मोजते अन् लगेच फोन करते. साधना पाच दिवस मॉडेलमध्ये जोड बसवत राहिली. आता गणितात एक टोक तापत होतं. पण गणितानं काय होते? खरी तार काय म्हणते ते पाहिजे होतं. फोन काही आला नाही. शनिवार गेला, रविवार गेला.

सोमवारी सकाळी ती कागदांची पिशवी घेऊन आमच्या गाडीत बसली. उकंड्यानं तिले तिकीट दिलं, यवतमाळचं. आगारातल्या दोन-तीन जणांनी खिडकीतून पेढे दिले. "चला वाहक मॅडम, हजर व्हा!" माह्या जिवाची नुसती तगमग. हजर होऊन सही केली की झालं. मंग पीएच.डी. कोण करते अन् मॉडेल कोण पाहते! एका सायकलवाल्याले मी उगाच शिव्या घातल्या.

दारव्हा सोडलं. पुढं रस्ता खोलात उतरतो, तिथं मोबाइलले रेंज धड राहत नाही. अन् नेमका तिथंच मागून फोन वाजला. "हॅलो? केतकी मॅडम? हॅलो! ऐकू येत नाही... हो, काय झालं? पलटलं का? हॅलो!" कट झाला. गाडीत सारे तिच्याकडं पाहाले लागले. ती परत परत लावून राह्यली, लागत नव्हता.

मी आरशात पाहिलं. मले रस्ता पाठ आहे. पुढं चढ लागतो. चढावर कालव्याचा एक लहान पूल आहे, तिथं थोडी रेंज येते, अन् मंग परत उतार. माह्या मनात आलं, तिथं गाडी उभी करावी. पण घंटीशिवाय मी गाडी उभी कशी करू? अन् तिथं थांबा नाही. पाटी नाही, गाव नाही, एका अंगाले कापसाची पराटी, दुसऱ्या अंगाले तूर. उकंड्या घंटीच्या दोरीपाशी उभा होता. हात वर होता. मी मनातल्या मनात म्हणून राह्यलो, मार बे, मार ना! पूल आला. मले लिंबाखालची वहिनी आठवली. मी म्हणलं, हा मारत नाही. हा पोरीसाठीही मारत नाही.

टण.

एकच टोला. माह्या कानावर माहा विश्वास बसला नाही. पण पाय आधीच ब्रेकवर गेलता. गाडी पुलावर उभी राहिली.

"काय झालं? पंक्चर झालं का?" एकानं विचारलं. एक म्हातारा उठून म्हणाला, "अहो कंडक्टर, इथं कधीपासून थांबा झाला?"

"आजपासून," उकंड्या म्हणाला. त्यानं दार उघडलं. "साधना, उतर. इथं रेंज आहे. लाव फोन."

ती उडी मारून उतरली. मी समोरच्या काचेतून पाहत होतो. पुलाच्या कठड्याशी उभी, फोन कानाले, दुसऱ्या कानात बोट. ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. मंग तिनं मोकळा हात समोर धरला. तळवा खाली. हळूच पलटवला, तळवा वर. परत खाली. परत वर. कोणाले दाखवत होती कोणास ठाऊक, स्वतःलेच असंन. मंग ती तिथंच कठड्यावर बसली अन् ओंजळीत तोंड घातलं.

उकंड्या पायरीवर उभा होता. तिथूनच म्हणाला, "पलटलं का माय?"

"पलटलं बाबा." ती रडत होती अन् हसत होती. "जेवढं मी म्हणलं होतं जवळजवळ तेवढंच. दुसरं टोक गरम झालं."

गाडीतल्या कोणाले काही समजलं नव्हतं. तरी त्या म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या, अन् मंग साऱ्यांनीच वाजवल्या. एका बाईनं विचारलं, "पोरगं झालं का कोणाले?" मी रडलो राजेहो. स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडलो, सांगाले लाज कायची! साधना वर आली. उकंड्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, मंग ड्यूटी आठवली, अन् डबल बेल दिली. यवतमाळच्या स्टँडवर ती उतरली. विभागाचं ऑफिस एका हाताले अन् कॉलेज दुसऱ्या. कागदाची पिशवी तिनं बापाच्या हातात दिली अन् कॉलेजच्या वाटेनं पळत सुटली.

लगेच काही डॉक्टर झाली नाही ती. अजून लिहिणं चालू आहे, सरांनी मुदत वाढवून घेतली, केतकी मॅडमसंगं एक लेख छापाले गेला आहे. वाहकाची ती जागा तिच्या मागच्या नंबरच्या पोरीले भेटली, ती बाभुळगावकडची. बाबुलालचा जुना फ्लेक्स उकंड्यानं काढून आणून घरी सरपणावर झाकला आहे. परवा गेलतो तर पाहिलं, 'वाहकपदी'च्या आधी लाल रंगानं, त्याच्या त्या सुवाच्य अक्षरात, 'अर्ध' लिहिलेलं. वहिनी म्हणे, पाऊस आला तर धुऊन जाईन. तो म्हणे, "परत लिहीन."

अन् तो थांबा? दुसऱ्याच दिवशी त्याच पुलावर एका माणसानं हात दाखवला. माहा पाय ब्रेकवर गेला. मागून उकंड्याचा आवाज आला, "चाल, थांबा नाही इथं." मी लय शिव्या घातल्या त्याले. पण तेव्हापासून एक गोष्ट झाली आहे, अन् मी ती कोणाजवळ बोललो नाही. दररोज त्या पुलावर गाडी आली, की गाडी थांबली नसली तरी, थांबा सोडताना देतो तशी, मागून डबल बेल येते.